दुसऱ्या दगडावर कोण बसलंय?

चर्चचा दरवाजा उघडला तेव्हा गर्दी अशी आत घुसली, की एका बाईच्या बांगड्या चौकटीवर फुटून मनगटात रुतल्या. रक्त कोपरापर्यंत ओघळलं, तरी ती ओरडतच होती, "आधी माझं लेकरू दगडावर बसवा!"

पडेगावच्या पुढे माळावर हे चर्च आहे. एखादं अंडं आडवं धरून मधोमध कापावं आणि वरचा अर्धा भाग पालथा घालावा, तसं. आत एकही खांब नाही. भिंत कुठे संपते आणि छत कुठे सुरू होतं ते कळत नाही. काँक्रीटचं एकच कवच जमिनीतून उठतं, डोक्यावरून जातं आणि पलीकडे जमिनीत उतरतं. भिंतींना उभ्या फटी, त्यांत निळ्या-तांबड्या काचा. तिथली प्रार्थना बंद पडून बरीच वर्षं झाली होती. रिकामी वास्तू राजकुमारबाबानं भाड्यानं घेतली.

"ना हिंदूंचा, ना मुसलमानांचा, ना ख्रिश्चनांचा!" पांढऱ्या सफारीतला बाबा हात वर करून म्हणायचा. "वरच्याचं नेटवर्क एकच, अन् टावर हितं हाय! मोबाइल बंद, तोंड बंद, श्वासबी हळू घ्या. रेंज जाते!"

फरशीत एक गोल काळा दगड बसवलेला होता. दारात चेल्याला काय त्रास, कुणावर संशय ते सांगायचं, मग पीडिताच्या माणसानं त्यावर बसायचं. सगळं चिडीचूप झालं, की त्याच्या कानाशी कुणीतरी बोलायचं. फक्त त्याच्याच. शेजारी उभ्या असलेल्याला एक अक्षर ऐकू येत नसे. स्पीकर नाही, वायर नाही. कॉलेजच्या पोरांनी शोधून पाहिलं आणि शेवटी तीही हात जोडून उभी राहिली.

मी त्या दिवशी गेले ती केसरबाईसाठी. केसर माझी लहानपणापासूनची मैत्रीण, भाजी विकते. बद्रीनाथच्या नातवाला झटके येत होते, आणि आदल्या दिवशी केसरनं त्याला पेरू दिला होता. एवढ्यावरून गल्लीत कुजबुज सुरू झाली. बद्रीनाथ माझा जुना विद्यार्थी. मी त्याला म्हटलं, "पोराला घाटी दवाखान्यात ने."

"दवाखाने लई झाले बाई. आता देवालाच इचारतो."

केसर म्हणाली, "इचारू दे की. देव काय खोटं बोलन? मीबी येते."

ती आपल्या पायांनी आली. हे मी विसरू शकत नाही.

बद्रीनाथ नातवाला मांडीवर घेऊन काळ्या दगडावर बसला. शांतता पसरली. त्याचं तोंड हळूहळू वासलं, आणि तो किंचाळला, "केसर! देव म्हणतो, केसरनं मूठ मारली!"

पहिला फटका कुणी मारला ते दिसलं नाही. केसरच्या डोक्यावरचा पदर ओढला, मग केस ओढले. ती पडली तशा लाथा सुरू झाल्या, पोटात, बरगड्यांत, तोंडावर. लाकडी बाकाची फळी उखडून एकानं तिच्या कानशिलावर घातली. तो आवाज त्या घुमटात इतका घुमला, की मला माझंच हाड मोडल्यासारखं वाटलं. कालपर्यंत तिच्याकडून उधारीवर मेथी नेणाऱ्या बायका चपलांनी मारत होत्या.

आणि मला एकदम दुसरा दगड आठवला, साठ वर्षांत आम्ही दोघी पार विसरून गेलो होतो तो.

हे चर्च बांधलं जात होतं तेव्हा माझी आणि केसरची आई तिथे पाट्या उचलायच्या. मिस्त्रीनं माळावर दोन खुंट्या ठोकल्या, त्यांच्याभोवती दोराचा सैल फास टाकला आणि त्यात काठी ताणून फिरवत फक्कीची रेघ ओढली. रेघ लांबट, अंड्यासारखी उमटली. पुढे खुंट्यांच्या जागी दोन काळे दगड बसवले. काम संपल्यावर एकावर मी बसायची, एकावर केसर. मध्ये एवढा मोठा सभामंडप.

"इशाखे, ऐकू येतं का गं?"

"व्हय. तुह्या पोटातली गुरगुरबी ऐकू येती."

दुसरा दगड पलीकडच्या टोकाला, बाप्तिस्म्याच्या कोनाड्यात होता. आता तिथे तांबडा पडदा टांगलेला. मी पडदा ओढला. बाबाचा चेला सांडू दगडावर उकिडवा बसून विडी ओढत होता.

"ए म्हातारे, चल हट!"

पितळी मेणबत्तीदान शेजारीच होतं. सत्तरीच्या हातात जेवढं बळ होतं तेवढं लावून मी ते त्याच्या गुडघ्यावर हाणलं. तो कोलमडला, पण पडता पडता त्यानं माझं मनगट असं पिरगाळलं की ते कट्‌कन मोडलं. मी दगडावर बसले आणि जिवाच्या आकांतानं ओरडले, "बद्रीनाथ! थांबव त्यांना!"

त्या गदारोळात माझा आवाज गर्दीला ऐकू जाणं शक्य नव्हतं. पण अजून काळ्या दगडावरच बसलेला बद्रीनाथ ताडकन ताठ झाला.

"थांबा! देव म्हणतो, थांबा!"

हात थांबले. फळी खाली पडली. आणि त्या शांततेत बद्रीनाथनं छताकडे पाहत विचारलं, "मग कुणी केलं, देवा? नाव सांग!"

सगळी गर्दी नावाची वाट पाहत होती. मधोमध केसर निपचित पडली होती, कानातून रक्त वाहत होतं. माझ्या जिभेवर एक नाव आलं. 'राजकुमार' एवढंच म्हटलं असतं, तर त्या लोकांनी त्याला तिथेच फाडला असता. देव होणं इतकं सोपं होतं.

"बद्रीनाथ," मी म्हणाले, "मी देव नाही. मी विशाखाबाई. तुला पाढे शिकवणारी. कोनाड्याकडे बघ."

तो वळला. सगळेच वळले. एक गोटा सणाणत आला आणि माझ्या कपाळावर बसला. "देवाच्या जागी बसली रांड!"

रक्त डोळ्यात उतरलं. मी उठले नाही. "मारायचं तर नंतर मारा. आधी बद्रीनाथ, तू इकडे ये. फारूख, तू रिक्षावाला माणूस, बाबाचा चेला नाहीस. त्याच्या दगडावर तू बस."

जागा बदलल्या. बद्रीनाथ माझ्या दगडावर बसला आणि भिंतीकडे तोंड करून काहीतरी पुटपुटला. मी हातभर अंतरावर होते, मलाही कळलं नाही. पण मंडपाच्या पार त्या टोकाहून फारूखनं मोठ्यानं सांगितलं,

"बद्रीभाऊ पुछरा... केसरमावशी जित्ती हाय का?"

गर्दीच्या माना बाबाकडे वळल्या. बाबा मागच्या दारानं सटकत होता. पोरं त्याच्यावर धावली, तशी मी ओरडले, "हात लावू नका! पोलिसांना बोलवा!" फारूखच्या रिक्षात एका बाजूला केसरला आडवं केलं, दुसऱ्या बाजूला बद्रीनाथ नातवाला घेऊन बसला. घाटीत पोराच्या झटक्यांना नाव मिळालं, मिरगी, म्हणजे फेफरं. गोळ्या सुरू झाल्या, आता तो शाळेत जातो.

पुढे गल्लीतल्या प्रत्येकाला मी अंगणात दोन खुंट्या ठोकून ती रेघ काढून दाखवली. एका खुंटीपासून निघालेला आवाज त्या कवचावर कुठेही आपटला, तरी उलटून दुसऱ्याच खुंटीपाशी गोळा होतो. भिंतीचा आकारच तसा आहे. ज्यानं तो आखला त्याच्या अकलेला हात जोडा हवं तर, तिथे बसलेल्या भामट्याला नको.

केसर वाचली. एक कान मात्र कायमचा गेला. तिच्याशी बोलायचं तर आता मला दुसऱ्या बाजूला जाऊन बसावं लागतं.

तुमच्याही कानाशी कुणीतरी एखाद्या माणसाचं नाव सांगेल. ते ऐकून हात उचलण्याआधी उठा, चालत पलीकडच्या टोकाला जा आणि पडदा ओढून बघा.