एकोणीस शून्यं

मुंबईच्या प्रयोगशाळेतून रजा काढून घरी आलेली मुलगी फणसाच्या सांदणाला नाही म्हणते, म्हणजे नक्की काहीतरी बिनसलंय, हे पद्मजा दामलेच्या आईने पहिल्याच दिवशी ओळखलं.

बिनसलं होतं ते असं. एकोणऐंशी साली पद्मजाने मिरजोळ्यापलीकडच्या तीन वाड्यांत दहा ते चौदा वर्षांच्या मुलींना धनुर्वाताची लस टोचवली होती. त्या लशीने रक्तात तयार होणारी प्रतिपिंडं किती वर्षं टिकतात, या एका प्रश्नात तिची तिशी खपली. सात वर्षांनी तिच्या माणसांनी वाड्यांतल्या सगळ्या तरण्या बायकांचं रक्त नेलं आणि जुन्या यादीतल्या मुली हुडकायचं काम पद्मजाने संगणकावर सोपवलं. त्याने साठ हुडकल्या. पैकी एकोणीसजणींच्या रक्तात प्रतिपिंडांचा मागमूस नव्हता. लस टिकत नाही, असा अहवाल सोमवारी जायचा होता, आणि तो गेला की तिचं पुढचं काम बंद.

अहवाल जायच्या आधी एकदा वाडीवर जाऊन यावं, म्हणून ती हौसाकडे गेली. हौसा तिन्ही वाड्यांची सुईण. मुलींना दंड धरून लशीला उभं केलं होतं ते हिनेच, आणि त्यांच्या आयांच्या शिव्याही हिनेच खाल्ल्या होत्या.

"हौसामावशी, तुझ्या पोरींनी मला दगा दिला."

"माज्या पोरी? वाच बघू नावं." हौसाला वाचता येत नव्हतं, म्हणून सगळं तिच्या डोक्यात असे.

"सखू, वय एकोणीस."

"कंची सखू? काशीरामाची सखू दिली जयगडास. आता हितं हाय ती रावजीची बायको. तिचं म्हायेरचं नाव येगळंच, लग्नात सखू केली."

पद्मजाने पुढचं नाव वाचलं. चिमा. ती खेडला दिलेली. आताची चिमा बाबूची बायको, गेल्या साली आलेली. पुढची, तिच्या पुढची, सगळ्या तशाच. वाडीचं आडनाव एक, नावं दहा-बारा, आणि तीच फिरून फिरून सुनांना मिळत होती. लेकी सासरी जातात हे पद्मजाने हिशेबात धरलं होतं. सुना येतात, हे मात्र विसरली होती.

"मधलं नाव नाय लिवलं?" हौसाने विचारलं.

"कोणी बापाचं लिहिलेलं, कोणी नवऱ्याचं. संगणकाचा गोंधळ व्हायचा, म्हणून मीच गाळलं."

"बापाचं नि घोवाचं गाळलंस, तर बाईमाणसाचा पत्ता लागायचा कसा गो? लगीन केलं असतंस, तर कळलं असतं. संगनकाचं सोड, त्याचं तरी खय झालंय."

पद्मजा त्या आठवड्यात पहिल्यांदा हसली. संध्याकाळी तिने रत्नागिरीतून तार केली: अहवाल थांबवा.

मग दोघी एस.टी.ने हिंडल्या. जयगडच्या खाडीकाठी, खेडला जगबुडी नदीपलीकडे, हौसा सांगेल त्या दारात. एकोणिसांपैकी अठरा लेकी सापडल्या. एक मुंबईत कुठे होती ते तिच्या सासूलाही धड सांगता आलं नाही. पुढे मुंबईत तपासलं, तेव्हा अठराही जणींच्या रक्तात प्रतिपिंडं निघाली. सात वर्षं टिकलेली.

परतीच्या गाडीत पद्मजा आभाराचे शब्द जुळवत होती. हौसाचं लक्ष नव्हतं.

"बाय, त्या सुनांच्या अंगात काय नाय म्हणालीस ना?"

"काहीच नाही. त्यांना लस कधी मिळालीच नाही."

"त्यांतल्या चौघी पोटुशा हायत." हौसा खिडकीबाहेर बघत राहिली. "धनुर्वात बाळाला आठ दिवसांच्या आत नेतो. मी अकरा पोरं पुरलीत. सगळ्यांची नावं ठेवायची ऱ्हायली."

पद्मजाने रजा वाढवली आणि एकोणीसच्या एकोणीस सुनांना लस टोचवली, महिन्याने पुन्हा येऊन दुसरी. चुकीचा कागद निघाला नसता, तर त्या कुणाच्याच यादीत आल्या नसत्या.

पुढे तिचं काम चालू राहिलं, तिच्या नावाने निबंधही छापून आला. पण तिने टेबलाच्या काचेखाली जपली ती शाळामास्तरांच्या अक्षरातली चार पोस्टकार्डं. पहिल्यावर एवढंच होतं:

'सखू रावजी. मुलगी. आज नववा दिवस, दूध पिते. मधलं नाव घातलंय, बघून घे. तुझी, हौसा आत्माराम.'