मंगळवारची सही

अपूर्वाने गोळ्यांची डबी खिडकीतून आत सरकवली. डबीत आज रात्रीची एकच गोळी उरली होती.

"नाव?"

"दीपाली शिगवण."

खिडकीमागच्या मथुराबाई या महिन्यातच कामाला लागल्या होत्या. रजिस्टरवरून त्यांचं बोट खाली खाली गेलं आणि थांबलं.

"काय गो बाय, मंगळवारीच गोळ्या नेल्यास ना? महिन्यातून दोनदा नाय मिळत."

"मी नव्हते आले. मी आत्ता दापोलीहून येतेय."

"मग काय तुझं भूत सही करून गेलं?"

बाकावरचं कोणीतरी हसलं. अपूर्वा हसली नाही. दीपाली तिची थोरली बहीण. आठ वर्षांपूर्वी, पंधराव्या वर्षी तापाने गेली. तेव्हापासून संगमेश्वरजवळच्या त्यांच्या घरात ते नाव कोणी घेत नसे. गेल्या वर्षी एचआयव्हीचा रिपोर्ट हातात आला तेव्हा आईला हे कधीच कळू द्यायचं नाही, एवढं अपूर्वाने ठरवलं. गावापासून लांब आणि दापोलीच्या कॉलेजपासूनही लांब, म्हणून तिने रत्नागिरीतलं हे केंद्र निवडलं. कार्ड करताना नाव विचारलं, तेव्हा तोंडात दीपालीचंच आलं. मेलेल्या माणसाची चौकशी करत कोणी येत नाही.

"बघू सही."

मथुराबाईंनी रजिस्टर फिरवलं.

२० नोव्हेंबर २००७. अक्षरं एकेक सुटी, पानाच्या मागे उमटतील इतकी दाबून काढलेली. वरची रेघ मात्र एका दमात ओढलेली, शेवटच्या अक्षराच्याही पुढे जाऊन शेपटीसारखी खाली वळलेली. दीपाली अशीच रेघ ओढायची. वह्यांवर, पाटीवर, गोठ्याच्या भिंतीवर कोळशाने. शाळेतल्या बाई ओरडायच्या, तरी सोडली नाही तिने. अपूर्वाने कितीदा गिरवून पाहिलं होतं; ते वळण तिला कधी जमलं नाही.

"कशी होती ती?" तिने विचारलं.

"गर्दीत मी नाव बघते, तोंड नाय बघत. आणि तोंडावर पदर होता. सही करायला मात्र केवढा वेळ लावलान!"

आवाज ऐकून समुपदेशक सुमेधाताई बाहेर आल्या. त्यांनी कार्डांचा खण उघडला. एक कार्ड काढलं, मग आणखी एक. दोन्हींवरची वयं वाचली, क्षणभर अपूर्वाकडे पाहिलं आणि एक कार्ड पालथं करून परत ठेवलं.

"ती दुसरी बाई आहे, मथुराबाई. याच महिन्यात सुरू झाली. हिला हिच्या गोळ्या द्या."

"आडनावसुद्धा तेच?" मथुराबाई पुटपुटल्या आणि गोळ्या मोजू लागल्या.

अपूर्वाची नजर त्या रेघेवरून हलली नाही. चुलीवर भात शिजतोय. पाटी मांडीवर घेऊन दीपाली बसली आहे, शेजारी आई. "माझं नाव सोपं आहे, आधी तेच शीक," म्हणत दीपाली आईचा हात धरून गिरवून घेते आहे. आईचं स्वतःचं नाव शिकवायचं राहूनच गेलं. बँकेत आई अजून अंगठा लावते. तिला लिहिता येतं ते एवढं एकच नाव.

"कर सही," मथुराबाई म्हणाल्या.

तिने केली. रेघ नेहमीसारखी सरळ जाऊन संपली.

"पुढची तारीख गुरुवारचीच ना?" सुमेधाताईंनी विचारलं. तरुण मुलांना काय सोयीचं, याचे फॉर्म भरून घेऊन त्यांनी हा वार वेगळा ठेवला होता. 'सोबत कोण असावं?' या प्रश्नापुढे अपूर्वाने 'कोणीही नको' असं लिहिलं होतं.

मंगळवारच्या सहीशेजारी पुढची तारीख होती. तीही मंगळवारच.

"मला अठरा डिसेंबर द्या. सकाळी."

"मंगळवारी मोठी माणसं असतात गं. ओळखीचं कोणी भेटलं तर?"

"अठराच लिहा."

सुमेधाताईंनी लिहिलं. अपूर्वाने डबी पिशवीत टाकली. दारापर्यंत जाऊन ती मागे वळली.

"मथुराबाई, त्या कुठे बसल्या होत्या?"

मथुराबाईंनी बाकाच्या भिंतीकडच्या टोकाकडे बोट केलं. टोक रिकामंच होतं. अपूर्वा तिथे गेली, आणि एका माणसापुरती जागा सोडून बसली.