रुसलेला कडाका

“काही म्हण, यंदा बटाटा पायाखाली कुरकुरत नाही,” शेजारचा इलारियो ओले तळवे गवताला पुसत पुटपुटला. “नुसता चिखल होतोय.”

बासिलियाने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. बटाटे कधी पसरायचे, हे सारं गाव तिच्या नाकाला विचारत असे. संध्याकाळी ती दारात हवा हुंगायची आणि म्हणायची, “आज येतोय.” की थंडीचा कडाका यायचाच! आणि काय त्याचा थाट! वारा पडायचा, चांदण्या अगदी उशाशी येऊन बसायच्या, आणि पहाटे पठारभर बटाटे दगडासारखे टणक. मग ऊन चढलं की पायांनी तुडवून पाणी काढायचं, रात्री पुन्हा कडाक्याच्या हवाली करायचे. असा वाळवलेला बटाटा म्हणजे चुन्यो, तान्हं पोर चालू-बोलू लागलं तरी कणगीत जसाच्या तसा. बाकी जगाला विस्तव रांधून देतो. या लोकांना थंडी रांधून देत होती.

यंदा बासिलियाने “येतोय” म्हटलं आणि तो आलाच नाही. गावाचं वर्षाचं अन्न उघड्यावर आंबत पडलं.

कारण मात्र गावाला लगेच सापडलं. बासिलियाची सून, नोएमी! खालच्या उबदार दरीतली पोर. झऱ्यावर म्हणून गेली होती, “बरं झालं बाई, यंदा मेली थंडी कमी आहे.” कडाक्याला नावं ठेवली की तो रुसतो, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. आज सगळे नासक्या बटाट्यांभोवती जमले होते. म्हणत होते, सुनेला माहेरी धाडा, म्हणजे तो परत येईल. निकाल बासिलियाने द्यायचा होता.

“आई, मी आपलं सहज बोलले हो,” नोएमी खालमानेने म्हणाली.

“सहज बोलूनच घात केलास!” एक शेजारीण फणकारली.

तेवढ्यात बासिलियाची धाकटी बहीण फोर्तुनाता कोकाची पानं गालात सारत हसली. “अगं बायांनो, माझी बोटं फुटायची ना, तेव्हा मी या कडाक्याच्या सात पिढ्या उद्धरल्यात. तेव्हा नाही रुसला! आता एका पोरीच्या शब्दाने गाल फुगवून बसला? इतका हळवा कधीपासून झाला मेला?”

इलारियो फिस्सकन हसला.

“पलीकडच्या गावातही बटाटे नासलेत. तिथंही हीच जाऊन बोलून आली वाटतं?” मग फोर्तुनाताने आवाज उतरवला. “बासिलिया, तूच सांग. आपण सगळे डोंगराकडे पाठ करून का बसलोय गं?”

 तुमच्या-आमच्या घरातही असंच होतं, नाही का? खरं कारण अंगावर येणारं असलं की आपण हाताशी असलेलं गरीब माणूस शोधतो.

बासिलिया सुनेच्या पायांकडे पाहत होती. तळवे सोलवटले होते. थंडीला शिव्या देत का होईना, तुडवायला सगळ्यांआधी उतरायची ती हीच पोर! बासिलियाने मान वळवून डोंगराकडे पाहिलं. एके काळी बर्फाने पांढरा असायचा, आता पार शिखरापर्यंत उघडा काळा कातळ.

“नोएमी कुठंही जाणार नाही!” ती म्हणाली.  “कडाका रुसलेला नाही, बायांनो. तो सरत चाललाय. मलाही आताशा त्याची चाहूल लागत नाही. मी नुसत्या अंदाजाने सांगत आले. आपली हवा बदललीय. चांगले उरलेत ते बटाटे लामा जनावरांवर लादा, वरच्या कुरणावर नेऊ, तिथं तो अजून येतो. पण सुना हाकलून थंडी परत येत नसते!”