ओले बूट

आजीने नातवाचे बूट साबणाच्या पाण्यात दाबून धरले. बुडबुडे यायचे थांबले तेव्हाच सोडले. धुलाईखान्याच्या हौदात आणखी बरेच बूट होते. दुपारी पोरं आडवी झाल्यावर गल्लीतल्या आयांनी ते पिशव्या भरभरून आणून दिले होते.

एरवी आजीच्या जोडीला पुलापलीकडच्या वस्तीतली बाई असे. इस्पितळाच्या चादरींची घडी घालायला दोघी लागतात. आज ती लवकर घरी गेली होती.

नातू धावत आला, अनवाणी. मागे त्याचे चार-पाच सोबती, तेही तसेच.

"आजी, माझे बूट!"

"मळले होते. धुतले."

"आजच? पलीकडची पोरं पुलावर वाट बघतायत आमची!"

"बघू देत. लग्नाला बोलावलंय का तुम्हाला?"

मागचा एकजण फिसकन हसला. नातवाने वळून पाहिलं तसा गप्प झाला.

"दादाचा डोळा फोडला त्यांनी. विसरलीस?"

आजीचे हात थांबले.

"त्याच्या डोळ्यात रोज औषध मी घालते, तू नाही. आणि त्यांच्या पोराचा पाय कुणी मोडला, तेही मला ठाऊक आहे."

"नाही गेलो तर घाबरले म्हणतील."

"माझं नाव सांग. म्हणावं, म्हातारी आडवी आली."

"अनवाणी जातो!"

"जा. पूल लोखंडाचा आहे, ऊनही चांगलं तापलंय."

ते गेले. आजी हौदाच्या काठाला धरून उभी राहिली. पुलाच्या दिशेने आरडाओरडा ऐकू आला, वाढला, मग विरला. तिने पुढचा बूट उचलला, पण घासायचं तिला सुचेना.

नातू परतला तो टाचांवर चालत.

"लागलं कुठे?"

"नाही." तो हौदाच्या कडेला बसला आणि त्याने पाय पाण्यात सोडले. "त्यांच्या बाजूच्या कठड्यावर ओळीने बूट वाळत घातलेत. ओले. तेही अनवाणीच, माकडांसारखे नाचत होते."

"आणि तुम्ही?"

"आम्हीपण." त्याने पाण्यात पाय हलवले. "शिव्या दिल्या. त्यांनीही दिल्या. मग पाय भाजायला लागले."

आजीने हातातला बूट काठावर निथळत ठेवला.

"उद्या वाळतील बूट," तो म्हणाला.

"उद्या पुन्हा धुऊ."

"धुऊ म्हणजे? तू आणि कोण?"

आजीने दोरीवरची चादर ओढली आणि तिची दोन टोकं त्याच्या हातात दिली.

"ताणून धर. पलीकडची ती तुझ्यापेक्षा बरी धरते."