फार्देलांचा खोटा नकाशा

यास्ना ओयार्सोबाई आमच्या मोचा बेटावर उतरल्या, त्याच दिवशी मी बायकोला म्हणालो, "ही नाव पक्ष्यांचं घेतेय, पण डोळा आपल्या मासळीवर आहे."

"तुला तर पाद्रीसुद्धा चोर दिसतो," एदेल्मिरा म्हणाली.

बाईंचं काम ऐकायला साधं होतं. फार्देला हे समुद्री पक्षी आमच्या रानात बिळं करून अंडी घालतात. आता ते कमी होत चाललेत. समुद्रात ते कुठल्या महिन्यात कुठं चरतात, हे बाईंना शोधायचं होतं. सहा पक्ष्यांच्या पाठीवर त्यांनी नखाएवढी यंत्रं चिकटवली होती. बाकीचं आम्ही कोळ्यांनी वहीत लिहायचं: तारीख, जागा, किती दिसले. मग पाण्याचा गारवा, खोली, सगळं संगणकात घालून महिन्यामहिन्याचा नकाशा निघणार होता.

नकाशा निघाला की त्यावर कुणीतरी रेघ ओढतंच: इथं जाळी बंद. माझी कोर्विना माशाची जागा बेटाच्या उत्तरेला, आणि आमच्याकडच्या उन्हाळ्यात, म्हणजे डिसेंबरपासून, फार्देलांचे थवे नेमके तिथंच. मी लिहिलं: दक्षिणेची वाळू, दोनशे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच, तीनशे. तिथं समुद्रतळाला नुसती वाळू, कुणी जाळं टाकत नाही, मग नुकसान कुणाचं?

फेब्रुवारीत बाई वही घेऊन घरी आल्या.

"नोल्बेर्तोकाका, माझी यंत्रं उत्तर दाखवतात. तुमच्या बेचाळीस नोंदी दक्षिण म्हणतात."

"मग यंत्रं दुरुस्त करून घ्या."

"नक्की पाहिलेत ना तुम्ही पक्षी?"

"माझ्याच घरात बसून मला खोटं ठरवता?"

बाईंनी माफी मागितली. ती माफी मला फार लागली.

मार्चमध्ये शाळेत बैठक झाली. भिंतीवर नकाशा, दक्षिणेच्या वाळूवर लालभडक डाग. सहा यंत्रांपेक्षा माझ्या बेचाळीस नोंदी भारी पडल्या होत्या. सरकारी माणूस म्हणाला, "डिसेंबर ते मार्च इथं जाळी बंद ठेवावी, असा विचार आहे."

एलेउतेरियो ताडकन उठला. माझ्या मुलीचा धर्मपिता, लहानपणापासूनचा दोस्त. "ती माझी जागा आहे! चार महिने तिथं जाळी टाकतोय, एक फार्देला दिसला असेल तर शपथ! ही बाई मोठ्या बोटवाल्यांची माणूस आहे!"

त्यानं जागा बदलली होती आणि मलाही पत्ता लागू दिला नव्हता.

"उद्याच्या विमानात बसवा तिला!" मागून कुणीतरी ओरडलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. माझं नाव घेतलं असतं तर त्या सुटल्या असत्या. पण त्यांनी घेतलं नाही.

मी उभा राहिलो. "पक्षी माझ्या जागेवर असतात. मी खोटं लिहिलं."

"माझ्यावर डाव टाकलास?" एलेउतेरियो म्हणाला.

"तू तिथं आहेस हे मला ठाऊकच नव्हतं रे."

"ठाऊक असतं तर दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात मारलं असतंस."



माझ्या नोंदी खोडल्या गेल्या. नव्या नकाशात लाल डाग उत्तरेला आला. घासाघीस होऊन चार महिन्यांचे दोन झाले; आता जानेवारी-फेब्रुवारी तिथं जाळी बंद. ते दोन महिने मी खोल पाण्यात गरीवर कोंग्रियो मासा धरतो. पोट भरतं, पण कष्ट दुप्पट.

एलेउतेरियो सणासुदीला घरी येतो, मुलीसाठी खाऊ आणतो, हसतोही. पण सकाळी होड्या निघाल्या की तो काठावर उगाच दोर आवळत बसतो. माझी होडी दिसेनाशी झाल्यावरच तो आपली पाण्यात लोटतो.