धाकटीएवढे पाणी

ते १९९७ साल होते. त्या वर्षी मला रंग द्यावा की नाही, यावरून एका मायलेकांत चांगलीच जुंपली होती.

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी चौकट आहे. बैठकीच्या खोलीतून स्वयंपाकघरात जाताना लागते ती. मला दार कधी बसवलेच नाही, त्यामुळे कुणाला अडवणे मला ठाऊक नाही. माणसे, मांजरे, फोडणीचे वास, रुसवेफुगवे, सगळे माझ्यातून ये-जा करत आले. सुताराने मला उभी केली तेव्हा पाठीवर थाप मारून तो म्हणाला होता, “ही काही हलायची नाही.” ती शाबासकी मला अजून पुरते आहे.

हे घर घड्याळकाकांनी बांधले. ते बैठकीतच लोकांची घड्याळे दुरुस्त करत. वाढदिवसाला ते मुलांना माझ्याशी पाठ टेकून उभे करत आणि डोक्याच्या उंचीवर चाकूने खाच पाडत. एका बाजूला थोरला, दुसऱ्या बाजूला धाकटी. खुपायचे थोडे, पण मुले वाढली की मलाच वाढल्यासारखे वाटे.

नदी तीन गल्ल्या पलीकडे होती. काका हसून म्हणत, “तिला कुठे आपला पत्ता माहीत आहे?”

एका वर्षी तो तिला कळला. सगळे जण शेजारच्यांच्या माडीवर गेले आणि मी एकटी पाण्यात उभी राहिले. फळ्यांवर गिऱ्हाइकांची घड्याळे टिकटिकत होती. आधी खालच्या फळीवरची थांबली, मग मधल्या, मग वरच्या. तेवढी शांतता मी त्यापूर्वी ऐकली नव्हती.

पाणी ओसरल्यावर काका विम्याचे कागद घेऊन मोठ्या उमेदीने एजंटाकडे गेले. परत आले ते चिखलातच खुर्ची ओढून बसले.

“आगीचा आहे, चोरीचा आहे. पुराचं त्यात नावच नाही.”

“अहो, पण घराचा विमा म्हणजे घराचा विमा ना?” काकू म्हणाल्या.

“मलाही तसंच वाटलं होतं. विचारलंच नाही मी.”

भिंतीवर आणि माझ्यावर चिखलाची रेघ उमटली होती. काकांनी धाकटीला माझ्याशी उभे केले. रेघ बरोबर तिच्या डोक्यावर आली. त्यांनी तिथे सर्वांत खोल खाच पाडली आणि म्हणाले, “पाणी धाकटीएवढं.” लोकांची घड्याळे त्यांनी एकेक करून फुकट दुरुस्त करून दिली. त्यात काही वर्षे गेली आणि काकांचे डोळेही.

आता १९९७कडे येते. काका राहिले नव्हते. काकूंचे गुडघे धरले होते आणि एकटीने राहणे झेपत नव्हते. धाकटीच्या शेजारी एक छोटा फ्लॅट रिकामा होता, पण हे घर विकले तरच तो घेता येणार होता. थोरला पेंटरला घेऊन आला.

“आई, ती पाण्याची खूण दिसली की गिऱ्हाईक पळेल.”

“विचारलं तर मी सांगणार हो.”

“आणि नाही विचारलं तर?”

काकू चहा टाकायला आत गेल्या. पेंटरने विचारले, “खाचांत लांबी भरून सपाट करू का?” थोरला म्हणाला, “तेवढा वेळ नाही. एक हात मार आणि मोकळा हो.” मी पांढरीशुभ्र झाले. खाचा तशाच राहिल्या, फक्त डोळ्यांना दिसेनात.

घर बघायला एक मोटार मेकॅनिक आणि त्याची बायको आली. ती बालवाडीत शिकवायची. बरोबर त्यांची मुलगी होती, तिला ते पिटुकली म्हणत. दुसऱ्या खेपेला व्यवहार जवळजवळ ठरलाच. मोठी माणसे चहा घेत होती, तेवढ्यात पिटुकली माझ्याशी पाठ लावून उभी राहिली आणि डोक्यावर हात नेऊन चाचपू लागली.

“आई, इथे खड्डा आहे! कुणाची उंची आहे ही?”

“माझ्या बहिणीची,” थोरला घाईने म्हणाला.

काकू पोरीच्या डोक्याकडे बघत राहिल्या. खाच बरोबर तिच्या केसांना टेकली होती. त्यांनी कप खाली ठेवला.

“बहिणीची नाही गं. पाण्याची आहे.”

आणि त्यांनी सगळे सांगितले.

मेकॅनिक ताडकन उठला. “दोनदा आलो आम्ही, काकू. दोनदा तुमच्या हातचा चहा घेतला!”

“चुकलंच माझं,” काकू म्हणाल्या.

ते निघून गेल्यावर थोरला चिडला. “बस आता घर उराशी धरून!”

“ती पोर बघितलीस ना तू?” एवढेच काकू म्हणाल्या. त्या रात्री त्या माझ्याजवळच सतरंजी टाकून झोपल्या. मला वाटले, आता आम्ही दोघी इथेच जीर्ण होणार.

पण काही दिवसांनी बालवाडीच्या बाई एकट्याच आल्या.

“विम्याच्या ऑफिसात जाऊन आले, काकू. पॉलिसीत पूर धरलाय का, ते विचारून आणि स्वतः वाचून घ्यायचं. घराच्या बांधकामाचा वेगळा, आतल्या सामानाचा वेगळा. आणि आज घेतला म्हणजे आजच लागू झाला, असंही नसतं कधी कधी.”

“म्हणजे पाणी दाराशी आल्यावर धावून उपयोग नाही.”

“नाहीच. त्यांनी विचारलं, पूर्वी पाणी किती आलं होतं? मी म्हटलं, माझ्या मुलीएवढं.” बाई हसल्या. “नवऱ्याचा राग अजून आहे. पण तोच म्हणाला, दुसरीकडे आपल्याला हे कोण सांगणार होतं?”

किंमत थोडी उतरली, विम्याचा हप्ता थोडा चढला आणि घर विकले गेले. विजेची बटणे माझ्या खाचेच्या वर चढली. बाईंनी खाचेवरचा रंग खरवडला आणि तिथे लाल रेघ ओढली.

नदी पुन्हा आली, पण पिटुकली कॉलेजात गेल्यावर. या खेपेला पाणी कमरेएवढे होते. विम्याचा माणूस फोटो काढून गेला. पैसे यायला वेळ लागला, गादीवरून वाद झाला, पण भिंती आणि फरशी दुरुस्त झाल्या आणि मेकॅनिकला आपले गॅरेज विकावे लागले नाही. त्याने स्वतः पाण्याची दुसरी खाच पाडली.

काकू धाकटीच्या शेजारी सुखाने राहिल्या आणि तिथेच गेल्या. धाकटीचे केस पिकले आहेत. परवा येऊन ती आपल्या खाचेवरून बोट फिरवून गेली. थोरल्याने पुढे स्वतःसाठी घर बघितले, तेव्हा म्हणे आधी शेजाऱ्यांना पाणी किती चढते ते विचारले. मेकॅनिक आणि बाई आता निवृत्त झाले आहेत आणि हप्त्याची तारीख चुकवत नाहीत. पिटुकली मला ओलांडताना मान वाकवते, इतकी उंच झाली.

मला आता वाळवी लागली आहे. मित्रांनो, माझी निगा राखा, मला रंग द्या. म्हातारीलाही नटायला आवडते. फक्त त्या लाल रेघेपाशी बोटभर जागा कोरी सोडा. उद्या आणखी एखादे लेकरू तिथे पाठ टेकून उभे राहील.