चार वेळा सांगितलेलं नाव

संग्रहालयाच्या दारावरचा रखवालदार व्हर्नाला आता तिच्या खुब्याची चौकशी करू लागला होता, म्हणजे तिच्या खेपा जरा जास्तच झाल्या होत्या. ही तिसरी. नऊ तासांची बस, सोबत भावाची मुलगी लोरेल, आणि डब्यात तव्यावरच्या जाड भाकऱ्या, कारण शहरातल्या पावावर व्हर्नाचा विश्वास नव्हता.

बाकावर बसल्या बसल्या लोरेलने डबा उचलला.

"येलवा," व्हर्ना म्हणाली.

लोरेल चाळीस वर्षांची, गावात शाळेची बस चालवणारी बाई. तिने डबा निमूटपणे खाली ठेवला. "बरं. पण आत्या, आज भांडू नकोस हं. मागच्या खेपेला तू त्या साहेबाला चोर म्हणालीस."

"चोराला काय जावई म्हणू?"

हवी होती एक टोपली. वेताची, बुडाला दोन टोकं काढलेली, रानातल्या कडू बिया नदीच्या धारेत भिजत घालायची. एकशेऐंशी वर्षांपूर्वी एक कॅप्टन जहाज घेऊन त्यांच्या नदीच्या मुखाशी आला, पिपं भरून गोडं पाणी घेतलं आणि जाताना टोपलीही नेली. तेव्हापासून ती इथे काचेत होती. गावात तिच्याएवढी जुनी दुसरी टोपली उरली नव्हती, आणि विणणारीही व्हर्ना एकटीच. मरायच्या आत ती घरी न्यायची, हे तिने गावातल्या पोस्टमनलासुद्धा सांगून ठेवलं होतं.

"या, आँटी व्हर्ना," आतल्या खोलीत फिलिपा म्हणाली. टोपल्यांचा विभाग तिच्याकडे होता. बाई गोड, पण नियमाला पक्की.

"हिच्या बापाची मी बहीण कधी झाले गं?" व्हर्ना लोरेलच्या कानात कुजबुजली. इंग्रजीत हा घोळ फार. आत्या, मावशी, काकू, मामी, सगळ्यांना एकाच शब्दात कोंबायचं. व्हर्नाच्या भाषेत आपल्यासारखंच, आत्या ती आत्या. तिचा मान वेगळा आणि तिच्या वस्तूही वेगळ्या. आत्याची वस्तू पुढे जाते ती फक्त तिच्या भावाच्या मुलीकडे. पुरुषांनी तिला हातही लावायचा नाही, मग देऊन टाकण्याची गोष्ट तर दूरच.

फिलिपाने चहा दिला आणि घसा साफ केला. संग्रहालयाचा नियम सरळ होता. हिसकावलेली वस्तू परत, भेट मिळालेली नाही. आणि कॅप्टनची रोजनिशी तर समोरच होती. तिने वाचून दाखवलं: "'एका तरुणाच्या हातून ही टोपली आम्हांस भेट मिळाली. मी तिजकडे बोट दाखवून नाव विचारताच त्याने ते मोठ्या उत्साहाने, उच्च स्वरात, चार वेळा सांगितले. आमची होडी सुटली तेव्हा तो कमरेइतक्या पाण्यात उतरून हात हलवीत होता.'"

"छान माणूस," लोरेल म्हणाली.

"समितीच्या मते ही भेटच आहे, आँटी. तुमच्याकडे दुसरा काही पुरावा असेल तर आजच द्या. याच्यापुढे अर्ज करता येत नाही. मला खरंच वाईट वाटतंय."

व्हर्नाने चहाचा कप बाजूला सारला. पुरावा कुठून आणणार? ज्यांनी पाहिलं ते कधीच मातीला मिळाले. ती एवढंच म्हणाली, "एकदा जवळून तरी बघू दे."

फिलिपाने पांढरे हातमोजे चढवले, पेटीतून टोपली अलगद उचलली आणि व्हर्नासमोर धरली. "हीच न्यूमॅरिगा. धार्मिक विधीचं पात्र. यावर दोन जाडजूड ग्रंथ आहेत."

"विधी कसला, बिया भिजवायची टोपली आहे," व्हर्ना पुटपुटली. न्यूमॅरिगा हा शब्द तिने आधीच्या दोन्ही खेपांना ऐकला होता. तिला वाटे लॅटिन असेल, नाहीतर कॅप्टनच्या बायकोचं नाव.

टोपलीच्या आत कॅप्टनच्या हातची चिठ्ठी दोऱ्याने बांधलेली होती. काचेबाहेरून ती कधी दिसली नव्हती. व्हर्नाने चष्मा लावला आणि मिशनच्या शाळेत वाचायची तशी अक्षरावर बोट नाचवत वाचू लागली.

"नू... मा... री... गा. ये... ल... वा."

ती थांबली. मग पुन्हा म्हणाली, या वेळी घाईने, आपल्या घरच्या जिभेने. "नुमारिगा. येलवा."

आणि ती हसायला लागली. इतकी, की कवळी धरावी लागली. फिलिपा घाबरून दाराकडे बघू लागली.

लोरेलला आपली भाषा फक्त स्वयंपाकघरापुरती येत होती, पण लहानपणापासून साखरेच्या डब्याला हात लावताना ऐकलेला शब्द कोण विसरेल? "येलवा म्हणजे ठेव खाली," ती सावकाश म्हणाली. "आणि नुमारि म्हणजे आत्या. म्हणजे तूच."

"नुमारिगा, आत्याची," व्हर्नाने डोळे पुसले. "पोरगं उत्साहात नव्हतं गं बायांनो, बोंबलत होतं. आत्याची आहे, ठेव खाली. आत्याची आहे, ठेव खाली. चार वेळा सांगितलं. तरी हे होडीत बसले, तेव्हा बिचारा पाण्यात धावला."

आता हसण्याचं रडणं झालं होतं, आणि ते तिने लपवलं नाही. त्या मुलाला घरी जाऊन आत्याला तोंड दाखवावं लागलं असेल. काय सांगितलं असेल त्याने?

"तुम्ही त्याची तक्रार लिहून घेतलीत," लोरेल फिलिपाला म्हणाली, "आणि टोपलीलाच बांधून ठेवलीत."

फिलिपाने चिठ्ठीकडे पाहिलं, मग आपल्या हातांकडे. टोपली अजून तिच्याच हातात होती. तिने ती हळूच टेबलावर ठेवली आणि दोन्ही हात मागे घेतले.

"एकशेऐंशी वर्षांत ऐकणारी तू पहिली," व्हर्ना म्हणाली आणि भाकऱ्यांचा डबा तिच्यापुढे सरकवला.

समितीने मान डोलवायला चार महिने घेतले. दोन्ही ग्रंथांचे लेखक रुसले म्हणतात. चौथ्या खेपेला आत्या-भाची पेटी घेऊन बस-अड्ड्यावर आल्या. व्हर्ना चहा आणायला गेली आणि लोरेल तिकिटं शोधत होती, तेवढ्यात ड्रायव्हरने पेटी उचलली आणि सामानाच्या कप्प्याकडे निघाला.

"नुमारिगा, येलवा!" लोरेलच्या तोंडून निघून गेलं. तिला स्वतःलाच नवल वाटलं.

ड्रायव्हर वळला. "म्हणजे? याचं नाव आहे का हे?"

लोरेलने त्याला पुन्हा सांगितलं, दोन पावलं पुढे होऊन, अड्डाभर ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. एकही अक्षर न कळता त्याने पेटी खाली ठेवली.